पेरियारच्या तलावावर पाणमांजरं : शोधायची कुठं आणि फोटो काढायचा कसा

पेरियार तलावावर थेक्कडीहून सुटणाऱ्या बोटीतून उतरणाऱ्यांना काय काय दिसलं असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात : हत्ती, गवे, सांबर, रानडुकरं. मग कुणीतरी म्हणतं, "पाण्यात काहीतरी काळं होतं, पण लगेच बुडालं." ते काळं बहुतेकदा पाणकावळा असतो. दरवेळी मात्र नाही. केरळातल्या या तलावात पाणमांजरांचे कळप राहतात, दिवसाउजेडी मासे पकडतात, आणि बोटींची ये-जा त्यांना नवी नाही.

ती दिसणं त्या मानाने सोपं. फोटो अवघड. पोहणाऱ्या पाणमांजराचं डोकं आणि पाठीचा जेमतेम वीतभर भाग पाण्यावर असतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली तरी हाती येतो राखाडी पाण्यावरचा काळा ठिपका. बघण्याजोगा फोटो मिळतो तो ते काठावर आल्यावर : मोठा मासा खाताना, अंग सुकवायला गवतात लोळताना, पिल्लांशी झोंबाझोंबी करताना. म्हणून सगळी तयारी एका प्रश्नाभोवती करायची : ते बाहेर कुठं येणार? हंगाम, बोटीतली जागा, कॅमेऱ्याचं सेटिंग हे सगळं त्यानंतर ठरतं.

आधी तलावाचं पाणी समजून घ्या

हा तलाव नैसर्गिक नाही. १८९५ साली मुल्लपेरियार धरण पूर्ण झालं आणि मागची जंगलाची खोरी पाण्याखाली गेली. सुमारे २६ चौरस किलोमीटरचं पाणी अनेक फाट्यांमध्ये पसरलेलं आहे, आणि बुडालेल्या झाडांचे खुंट सव्वाशे वर्षांनंतरही पाण्यातून वर आलेले दिसतात. धरण केरळात असलं तरी पाणी बोगद्यातून पूर्वेला तमिळनाडूच्या शेतीकडे जातं. त्यामुळे पातळी वर्षभर वर-खाली होत राहते, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तलाव भरला की पाणी थेट झाडीला भिडतं. अशा वेळी पाणमांजर बाहेर आलं तरी सरळ झुडपात शिरतं, तुम्हाला शेपटीसुद्धा दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की झाडी आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा आणि आखूड गवताचा पट्टा उघडा पडतो. फोटो त्या पट्ट्यावर मिळतात.

महाराष्ट्रातून लोक केरळला जातात ते दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर मे महिन्यात. पाणमांजरासाठी जायचं असेल तर दिवाळी सोडून द्या. तलाव भरलेला, आभाळ भरलेलं आणि जंगलवाटांवर जळवा. मेमध्ये पाणी खाली असतं, पण गर्दी आणि वळवाचा पाऊस दोन्ही असतात. माझी पसंती फेब्रुवारी-मार्चला. पिल्लं साधारण हिवाळ्यात जन्मतात, त्यामुळे या दिवसांत ती आई-बापांच्या मागे मागे फिरताना दिसण्याची शक्यता चांगली असते.

नेमकं काय शोधायचं

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. तलावात दिसतं ते स्मूथ कोटेड ऑटर : आखूड, तुकतुकीत केसांचं, ७ ते ११ किलो वजनाचं, टोकाकडे चपट्या होत जाणाऱ्या शेपटीचं. दुसरं, लहान नखांचं, याच्या निम्म्याहूनही हलकं. ते सह्याद्रीच्या डोंगरी ओढ्यांत खेकड्यांवर जगतं. तिसरं, युरेशियन, इथं शोधायला जाऊ नका.

स्मूथ कोटेड कुटुंबाने राहतं. नर-मादीची जोडी आणि त्यांची लहान-मोठी पिल्लं. त्यामुळे एक डोकं दिसलं की नजर तिथंच खिळवून ठेवू नका, आजूबाजूचं पाणी बघा. दुसरं, तिसरं डोकं वर येतंच. मासे पकडताना कळप कधीकधी रांग धरून पुढे सरकतो, आणि त्यांच्यापुढे पाण्यातून मासे उड्या मारू लागतात. बगळे आणि पाणकावळे अशा वेळी मागोमाग येतात. लांबवर पक्ष्यांची एकाएकी धांदल दिसली तर दुर्बीण आधी तिकडे वळवा.

फसवणारे तीन जण आहेत. पहिला तिरंदाज पक्षी, अंग पाण्याखाली आणि मान तेवढी वर. पण मान सापासारखी बारीक आणि चोच टोकदार. दुसरी पोहणारी घोरपड. तिचं डोकं लहान आणि अंग डावी-उजवीकडे वळत जातं. तिसरे खुंट, आणि सर्वांत जास्त फसवतात तेच. सोपी कसोटी अशी : पाणमांजर डुबकी मारताना पाठीची कमान होते आणि पाठोपाठ शेपटी वर येऊन सरकते. बुडाल्यावर पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उमटते. डुबकी बहुतेकदा मिनिटाच्या आत संपते, म्हणून जागा सोडू नका. बुडबुडे ज्या दिशेला गेले त्याच्या थोडं पुढे बघत राहा.

कान उघडे ठेवा. कळपातली जनावरं एकमेकांना बारीक शिट्ट्या घालतात. पक्ष्याचा आवाज म्हणून आपण तो सोडून देतो, पण पाण्याच्या पातळीवरून येणारी चिरकी शिट्टी ऐकू आली की थांबायचं.

बोट, तराफा की पायी?

पेरियार व्याघ्र प्रकल्पात स्वतःच्या मनाने काठावर फिरता येत नाही. हत्ती आणि गव्यांच्या जंगलात ते शहाणपणाचंही नाही. उरतात तीन मार्ग.

मोठी बोट सर्वांत स्वस्त आणि सोपी. साधारण दीड तासाची फेरी. सकाळी पहिली सुटते ती साडेसातच्या सुमारास. पहिलीच घ्या. पाणमांजरं सकाळी आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात, आणि उन्हं चढली की पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. मग लांबचा फोटो कितीही चांगल्या लेन्सने काढा, मऊच येतो. सकाळची जागा नाही मिळाली तर दुपारी साडेतीनच्या आसपासची शेवटची फेरी. मधल्या फेऱ्या हत्तींसाठी ठीक, आपल्यासाठी नाहीत.

दोन मजली बोटीत सगळ्यांना वरचा मजला हवा असतो. शोधायला तो चांगलाच. फोटो मात्र खालून चांगला येतो, कारण पाणमांजर जेमतेम फूटभर उंचीचं जनावर आहे. वरून काढलेल्या फोटोत त्याची पाठ आणि चिखल दिसतो. खालच्या मजल्यावरून त्याचे डोळे आणि मागची झाडी येते. खालच्या मजल्याचं तिकीट मिळालं म्हणून चेहरा पाडणाऱ्यांत तुम्ही असू नका.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगण्यासारखी. या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचा जीव गेला. काठावर जनावर दिसलं म्हणून एका बाजूला धावायचं नाही, जीवरक्षक जाकीट फोटोला अडचण होते म्हणून काढायचं नाही. समोर पाणमांजरांचा अख्खा कळप असला तरीही.

बांबूचा तराफा हा खरा मार्ग. वन विभागाचा दिवसभराचा कार्यक्रम असतो : काही वेळ जंगलातून चालायचं, मग वल्हवत जाणाऱ्या तराफ्यावर बसायचं. इंजिन नाही, माणसं मोजकी, बसण्याची उंची पाण्यालगत, आणि बोटीच्या मुख्य मार्गापासून बाजूला असलेल्या फाट्यांमध्ये शिरता येतं. सोबत वाटाडे आणि सशस्त्र वनरक्षक असतो. या वाटाड्यांमध्ये एकेकाळी याच जंगलातून दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून नेणारी माणसं आहेत. तो धंदा सोडून ती राखणीला आली. काठ त्यांच्याइतका कुणालाच वाचता येत नाही. निघण्यापूर्वीच त्यांना सांगा, "नीरनाय बघायचंय." मल्याळममध्ये पाणमांजराला तेच म्हणतात. हत्ती-वाघ मागणाऱ्यांच्या गर्दीत हे नाव ऐकलं की त्यांचाही उत्साह वाढतो.

तिसरा मार्ग वाटाड्याबरोबरची सुमारे तीन तासांची पायी फेरी. प्राणी दिसेलच असं नाही, पण खुणा शिकायच्या असतील तर याच्याइतकी चांगली शाळा नाही. दोन दिवस हातात असतील तर पहिल्या दिवशी पायी फेरी आणि शेवटची बोट, दुसऱ्या दिवशी तराफा असा क्रम लावा. जागा मर्यादित असतात आणि दर-वेळा बदलतात, म्हणून प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहून नोंदणी करा. ओळखपत्र लागतं. मुक्काम थेक्कडीलगतच्या कुमिळी गावात, कोचीहून किंवा मदुराईहून गाडीने येता येतं, घाटामुळे चार-पाच तास धरून चाला.

काठ वाचायचा कसा

पाणमांजरं ठरलेल्या जागी विष्ठा टाकतात. ही जागा म्हणजे कळपाचा सूचनाफलकच : कोण आलं, कधी आलं, ही हद्द कुणाची, सगळं वासावरून कळतं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की ती तिथं परत येतात.

अशा जागा बहुतेकदा उठावाच्या असतात : पाण्यात शिरलेलं जमिनीचं टोक, काठावरचा सपाट खडक, आडवा पडलेला ओंडका, दोन फाटे जुळतात तिथली वाळू. ताजी विष्ठा काळपट, ओली, चिकट. जुनी झाली की राखाडी होऊन भुगा होतो आणि त्यात माशांचे खवले चमकतात. वास माशाचा, उग्र. एकदा घेतला की विसरत नाही.

ठसे ओल्या चिखलात मिळतात. पाच बोटं, आणि चिखल मऊ असेल तर बोटांमधल्या पडद्याचा पुसट ठसाही. कुत्र्याच्या आणि मांजराच्या पावलात चारच बोटं उमटतात, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. जवळपास गवत गोल दबलेलं किंवा वाळू विस्कटलेली दिसली तर ती त्यांची लोळायची जागा. त्यांची फर दाट असते आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ती घासून कोरडी करावीच लागते. म्हणजे विष्ठा, ठसे आणि दबलेलं गवत ही तिन्ही एकत्र सापडली की फोटोची जागा सापडली.

तिथं उभं राहायचं मात्र नाही. विष्ठेच्या ढिगावर पाय देऊ नका, तिथं बसून डबा खाऊ नका, आणि खडकांच्या कपारीत किंवा मुळांखाली बीळ दिसलं तर वाकून बघू नका. वाटाड्याला विचारून पाण्याच्या पलीकडची किंवा बरीच बाजूची जागा निवडा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील आणि वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे येईल अशी. दोन्ही जमत नसेल तर वाऱ्याला पहिला मान द्या. उलट्या उजेडाचे फोटोही सुंदर येतात, पण तुमचा वास गेला की फोटोच नाही.

दिसल्यावरची पहिली पाच मिनिटं

कॅमेरा उचलू नका, असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. निदान हळू उचला. पाण्याच्या पातळीवर राहणारं हे जनावर उभ्या माणसाच्या हालचालीला फार दचकतं. तराफ्यावर असाल तर वल्ही थांबवायला सांगा. पायी असाल तर आहात तिथं खाली बसा.

मग बघा ती काय करतायत. लहान मासा पाणमांजर पाण्यातच, डोकं वर धरून, खाऊन टाकतं. मोठा मासा मिळाला तर काठाकडे निघतं. तोंडात आडवा मासा घेऊन सरळ रेषेत पोहणारं जनावर दिसलं की लेन्स त्याच्यावर ठेवू नका. ते ज्या टोकाकडे चाललंय तिथं आधी फोकस करून तयार राहा. नवखे लोक नेमके उलटं करतात आणि पाण्यातल्या डोक्याचे दोनशे फोटो घेऊन परततात.

सगळ्यांनी एकदम माना उंच केल्या, कुणी पाण्यात उभं राहून तुमच्याकडे टक लावलं, किंवा फुस्स असा धारदार फुत्कार ऐकू आला, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. कॅमेरा खाली, हालचाल बंद. ती पुन्हा खाण्याकडे वळली तर ठीक. काठावरून पाण्याकडे सरकायला लागली तर तुम्ही मागे व्हा. काठावरचं पाणमांजर आणि पाणी यांच्या मध्ये कधीही येऊ नका. पाणी हीच त्याची सुटकेची वाट असते. सोबत लहान पिल्लं असतील तर अंतर दुप्पट ठेवा. सतत दचकवलेला कळप तो काठ सोडतो, आणि माणसांचा फार त्रास असलेल्या ठिकाणी पाणमांजरं रात्रीची बाहेर पडू लागतात. मग तुमच्यानंतर येणाऱ्यालाही काही दिसत नाही.

मासे टाकून बोलावणं, मोबाइलवर शिट्ट्या वाजवणं, ड्रोन उडवणं हे प्रकार इथं चालत नाहीत. पाणमांजराला वन्यजीव संरक्षण कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) ते असुरक्षित गटात मोडतं.

कॅमेरा

लेन्स १००-४०० किंवा १५०-६००. यापेक्षा जड काही तराफ्यावर सांभाळत बसणं कटकटीचं. दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या. बोटीच्या हलण्यात दहापटीची दुर्बीण डोळे दमवते. फक्त मोबाइल असेल तर फोटोचा हट्ट सोडा आणि व्हिडिओ घ्या. लांबवरचा कळप हलताना ओळखू येतो, स्थिर फोटोत येत नाही.

बोटीवरून शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद, छिद्र लेन्समध्ये जितकं उघडतं तितकं, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) स्वयंचलित ठेवून त्याला वरची मर्यादा घाला. लेन्स बोटीच्या कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते. कोपर अंगाशी धरून हातात घ्या. तराफ्यावर मात्र मांडीवर वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी ठेवली तर हात वाचतात.

खरी परीक्षा उजेडाची. जनावर काळपट तपकिरी, वर ओलं आणि चकाकणारं; पाणी कधी पांढरं झगझगीत, कधी झाडीच्या सावलीत काळं. कॅमेरा दोन्हीकडे फसतो. झगझगीत पाण्यावर तो सगळं अंधारं करतो आणि पाणमांजराची नुसती आकृती उरते. तिथं एक स्टॉपपर्यंत, म्हणजे उजेड दुपटीपर्यंत, वाढवा. काळ्या सावलीत तो उगाच उजळ करतो आणि ओल्या फरवरची चमक पांढरी होऊन फुटते. तिथं अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. मला याहून सोपा वाटतो तो उपाय असा : मॅन्युअलवर जा, त्याच उन्हातल्या काठावरच्या हिरव्या गवतावर मोजमाप घ्या आणि तेच कायम ठेवा. गवताचा उजेड मध्यम असतो, त्यामुळे पाणी कसंही चकाकलं तरी जनावर बरोबर येतं. ऊन-सावली बदलली की पुन्हा मोजायचं, एवढंच लक्षात ठेवा.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, पण संपूर्ण चौकटभर नको. लहान गट निवडा. नव्या कॅमेऱ्यांतली डोळे ओळखण्याची सोय ओल्या काळ्या चेहऱ्यावर चाचपडते आणि मधेच खुंटावर जाऊन बसते. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आला की फोटो जिवंत होतो. तो ठिपका डोकं किंचित वर असताना येतो, म्हणून खाणाऱ्या पाणमांजरावर सलग बार काढत बसण्यापेक्षा घास गिळून मान वर करायची वाट बघा.

पहाटे तलावावर धुकं असतं. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा काढून थेट दमट हवेत आणला की काचेवर बाष्प धरतं आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया जातात, नेमकी तीच जी हवी होती. निघण्याच्या बऱ्याच आधी पिशवी बंद ठेवूनच खोलीबाहेर ठेवा.

थेक्कडी जमत नसेल तर

हंपीला जाणाऱ्यांनी तुंगभद्रेकडे लक्ष ठेवावं. कर्नाटक सरकारने २०१५ साली तिथला सुमारे ३४ किलोमीटरचा नदीपट्टा पाणमांजरांसाठी राखीव केला. खडकाळ पात्रामुळे काठावर बसलेली पाणमांजरं तिथं छान दिसू शकतात. गोव्यात चोडण बेटाच्या आसपास खाजण जमिनींचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचे) बांध आणि मानशी (भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी दारं) आहेत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात ठसे आणि बांधावर विष्ठा सापडते. सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्येही ती आहेत, पण तिथं शोध सुरू करायचा तो मासेमारांपासून. जाळं फाटल्याची तक्रार कुठं जास्त येते ते विचारा. त्यांचं नुकसान खरं असतं, तेव्हा तुमच्या कौतुकाचा सूर जरा सांभाळून. सिंगापूरला राहणाऱ्यांची तर चैन आहे : हीच जात तिथं शहरातल्या बागांच्या तळ्यांत भरदिवसा, माणसांच्या गर्दीसमोर मासे खाते. उजेडाचा आणि फोकसचा सराव करायला याहून चांगली जागा नाही.

घरी आल्यावर

निवड करताना प्रत्येक प्रसंगातले एक-दोनच फोटो ठेवा, आणि न जमलेल्यांपैकी कळपाची संख्या दाखवणारा एक तरी जपून ठेवा. नोंद म्हणून तो उपयोगी पडतो. तारीख, वेळ, किती होती, पिल्लं होती का, काय खात होती, तलावाची पातळी कशी होती हे त्याच दिवशी लिहून काढा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली तर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते आपोआप झाकतं. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तशी खात्री धरू नका. फाइलमधली जीपीएस माहिती आधी काढून टाका. पाणमांजरांची शिकार फरसाठी होत आली आहे, आणि अलीकडे पाळण्यासाठी पिल्लांची चोरटी विक्रीही होते. म्हणूनच २०१९ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. फोटोखाली 'पेरियार' एवढंच लिहा. कोणता फाटा, कोणता खडक हे वाटाड्यापाशी राहू द्या.